ढगांचा ताळेबंद आणि उपग्रहाची नजर

‘कॅलिप्सो’ या उपग्रहाने १ ऑगस्ट २०२३ रोजी आपले काम थांबविले. २८ एप्रिल २००६ रोजी एकाच अग्निबाणावरून त्याच्याबरोबर अवकाशात गेलेला ‘क्लाउडसॅट’ही त्याच वर्षाच्या अखेरीस मुका झाला. या दोन उपग्रहांनी सतरा वर्षे पृथ्वीवरील ढगांचा वरून खाली असा उभा छेद घेतला. ढगाचा माथा किती उंच आहे, त्याच्या पोटात काय आहे आणि त्याच्याखाली दुसरा ढग दडला आहे काय, हे या जोडीपूर्वी जगभर आणि सातत्याने कोणी पाहिले नव्हते. पुढे २८ मे २०२४ रोजी युरोप आणि जपान यांचा ‘अर्थकेअर’ हा उपग्रह कक्षेत गेला. उपग्रहांच्या या येण्याजाण्याची दखल थोडीफार तरी घेतली जाते. तथापि त्यांनी पाठविलेल्या माहितीला अर्थ प्राप्त करून देणारी जी एक संगणकीय विद्या या काळात उभी राहिली, तिचे नाव हवामानशास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर कोणाच्या कानी नाही. उपग्रहावरील उपकरणांची संगणकात नक्कल करणे, ही ती विद्या होय. उपग्रहाइतका तिचा डौल नाही, तिच्या उड्डाणाचा सोहळा होत नाही. पण तिच्यावाचून उपग्रहाचे निम्मे श्रम वाया गेले असते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ढगांसाठी एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी ढगांखाली असतो. हे ढग एकीकडे सूर्यप्रकाश अवकाशात परत धाडतात आणि दुसरीकडे पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. या दोन विरुद्ध व्यवहारांची वजाबाकी केली, तर ढग पृथ्वीला दर चौरस मीटरमागे सुमारे २० वॅट इतके थंड ठेवतात. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वीच्या खात्यात होणारी उष्णतेची जमा सुमारे ४ वॅट भरते. म्हणजे ढगांच्या व्यवहारात थोडाही फरक पडला, तरी तापमानवाढीचा सारा हिशेब इकडचा तिकडे होऊ शकतो. ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७९ मध्ये असा अंदाज दिला होता, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान १.५ ते ४.५ अंशांनी वाढेल. चौतीस वर्षांनंतर, २०१३ मध्ये, आंतरशासकीय समितीच्या अहवालातही तीच दोन टोके कायम होती. मधल्या काळात संगणक अफाट वाढले, शास्त्रज्ञांची संख्या वाढली, पण दीड आणि साडेचार यांच्यातील दरी बुजली नाही. तिचे प्रमुख कारण ढग हेच होते. २०२१ च्या अहवालात ही मर्यादा २.५ ते ४ अंश अशी आवळता आली. त्याला जी कारणे घडली, त्यांत ढगांविषयीचे वाढलेले ज्ञान हे एक मुख्य कारण आहे. दीड अंश आणि साडेचार अंश यांत किती अंतर आहे, हे समुद्रकाठच्या गावांना आणि कोरडवाहू शेतकऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हवामानाचे भाकीत करणारे जे संगणकीय प्रतिमान असते, ते बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रतिमानातील ढग आणि उपग्रहाने पाहिलेले ढग समोरासमोर मांडणे. वरवर पाहता ही गोष्ट सोपी वाटते. प्रत्यक्षात ती मोडीत लिहिलेले दप्तर बाळबोधीतील वहीशी ताडून पाहण्यासारखी आहे. दोन्हीकडचे आकडे कदाचित खरे असतील, पण लिपी निराळी. प्रतिमान पृथ्वीची विभागणी मोठमोठ्या चौकटींत करते. जागतिक हवामानाच्या प्रतिमानात एकेक चौकट सुमारे १०० किलोमीटर लांबरुंद असते आणि तिच्यात प्रत्येक थराला किती पाणी, किती बर्फ आणि किती टक्के ढग, एवढाच तपशील असतो. उपग्रहाला पाणीही दिसत नाही आणि बर्फही दिसत नाही. त्याला दिसतो तो प्रकाश किंवा प्रतिध्वनी. कॅलिप्सोवरील लेसर शंभर मीटरांहूनही अरुंद असा ठिपका जमिनीवर टाकीत असे. विरळ ढग आणि धूळ त्याला उत्तम दिसत, परंतु ढग जरासा दाट झाला की त्याचा किरण आतच जिरून जाई आणि खाली काय आहे याची त्याला वार्ता नसे. क्लाउडसॅटच्या रडारला दाट ढग भेदता येत, पण अगदी तलम बर्फाचे ढग त्याच्या नजरेतून निसटत आणि जमिनीलगतच्या सुमारे एक किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीच्याच प्रतिध्वनीचा गोंगाट होई. दृश्य प्रकाश आणि उष्णता मोजणाऱ्या साध्या उपग्रहांना बहुतांशी ढगांची पाठच दिसते. अशा स्थितीत ‘उपग्रहाला येथे ढग दिसला नाही’ याचा अर्थ ‘येथे ढग नव्हता’ असा खुशाल लावणे, म्हणजे हजेरी घेताना मागच्या बाकावरचा मुलगा दिसला नाही म्हणून त्याची गैरहजेरी मांडण्यासारखेच.

यावर तोडगा निघाला तो प्रश्न उलटा करून. उपग्रहाच्या मोजमापावरून ढगातील पाणी काढण्याची धडपड करण्याऐवजी, प्रतिमानाच्या काल्पनिक जगावरून तोच उपग्रह गेला असता तर त्याला काय दिसले असते, असे विचारावयाचे. प्रतिमानातील पाणी, बर्फ आणि ढगांचे प्रमाण घ्यावयाचे, त्यावर संगणकातील लेसर किंवा रडार चालवावयाचे, खऱ्या उपकरणाच्या साऱ्या उणिवा त्याला चिकटवावयाच्या आणि मग त्याचे उत्तर खऱ्या उपग्रहाच्या उत्तराशी ताडावयाचे. उपकरण जेथे आंधळे आहे, तेथे त्याची नक्कलही तितकीच आंधळी असली पाहिजे. ही कल्पना साधी आहे. तिच्यातील मर्म असे, की ती उपग्रहाचा दोष झाकीत नाही, तर तो दोन्ही पारड्यांत सारखा टाकते.

या विद्येची सुरुवात लेसर आणि रडार येण्यापूर्वीच झाली होती. १९८३ मध्ये निरनिराळ्या देशांच्या हवामान उपग्रहांची चित्रे एकत्र करून जगभरच्या ढगांची नोंदवही ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्याच्या नोंदींत ढगांची वर्गवारी माथ्यावरील दाब आणि दाटपणा यांनुसार ४२ घरांत केलेली असे. तिच्यात एक खोच होती. खाली दाट ढग आणि वर तलम ढग असा प्रसंग आला, की उपग्रहाकडे दोहोंची उष्णता मिसळून येई आणि तो प्रत्यक्षात नसलेला मधल्या उंचीचा एकच ढग नोंदवून मोकळा होई. प्रतिमानात दोन ढग, नोंदवहीत एक, आणि तोही तिसऱ्याच ठिकाणी! स्टीफन क्लाइन आणि ख्रिस्तियान याकोब यांनी १९९९ मध्ये या नोंदवहीची हीच चूक जाणूनबुजून करणारी आज्ञावली वापरून प्रतिमानाची परीक्षा घेतली. पुढे लेसर आणि रडार यांच्या नकला तयार झाल्या आणि ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका येथील संस्थांनी त्या एकाच पेटीत भरल्या. ‘कॉस्प’ या नावाने ओळखला जाणारा हा संच २०११ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तो कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय हवामान अहवालांसाठी जगातील प्रमुख प्रतिमानांची जी तुलना होते, तिच्यात हा संच आज सर्रास वापरला जातो.

या संचातील एक पायरी विशेष उद्बोधक आहे. प्रतिमान सांगते, की अमुक चौकटीत वरच्या थरात ४० टक्के ढग आहेत आणि खालच्या थरातही ४० टक्के आहेत. वरून पाहणाऱ्याला एकंदर किती आकाश झाकलेले दिसेल? दोन्ही थर बरोबर एकावर एक असतील तर ४० टक्के. एकमेकांना पूर्ण टाळून असतील तर ८० टक्के. आणि परस्परांशी काही संबंध न ठेवता कसेही पसरले असतील तर ६४ टक्के. आकडे तेच, उत्तरे मात्र तीन. म्हणून प्रत्येक चौकटीचे अनेक बारीक उभे स्तंभ पाडावे लागतात, त्यांत ढग एका ठराविक नियमाने वाटावे लागतात आणि एकेका स्तंभावरून संगणकातील उपग्रह न्यावा लागतो. शाळेतील संभाव्यतेचे गणित हवामानाच्या भवितव्याशी कोठे जाऊन भिडते, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

या कसोटीतून जे निघाले, ते प्रतिमानकारांना सुखावह नव्हते. उष्ण कटिबंधातील समुद्रावरचे सखल ढग प्रतिमानांत प्रत्यक्षापेक्षा कमी असतात. पण जे असतात ते प्रत्यक्षापेक्षा अधिक उजळ असतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. ढग थोडे आणि चमक फार. परिणामी अवकाशात परत जाणारा एकूण प्रकाश मात्र जवळपास बरोबर येतो. कचेरीत हिशेब लिहिणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. दोन चुकीच्या नोंदी एकमेकींना खाऊन टाकतात आणि वर्षाअखेरीस ताळेबंद तंतोतंत जुळतो. केवळ बेरीज पाहणारा तपासनीस खूश होऊन सही करून जातो. परंतु पुढील वर्षी त्या दोन नोंदींपैकी एकच बदलली, तर? तापत्या पृथ्वीवर नेमके हेच घडण्याचा धोका आहे. आजचे उत्तर चुकीच्या कारणांनी बरोबर येणारे प्रतिमान उद्याच्या हवामानाविषयी भरवशाचे राहत नाही.

पावसाचेही तसेच. क्लाउडसॅटच्या रडारशी महासागरांवरील पावसाची तुलना करणाऱ्या २०१० मधील एका अभ्यासात असे आढळले, की प्रतिमानांत पाऊस प्रत्यक्षाच्या सुमारे दुप्पट वेळा पडतो आणि तो फारच हलका असतो. एकूण पाऊस मात्र साधारण जुळतो. वार्षिक सरासरी बरोबर आली म्हणून समाधान मानणाऱ्याने मराठवाड्यातील एखाद्या शेतकऱ्याला विचारावे. दहा दिवस रोज एक सेंटिमीटर भुरभुर आणि एका रात्रीत दहा सेंटिमीटर कोसळणे, यांची बेरीज सारखीच. पहिल्याने पेरणी साधते, दुसऱ्याने बांध फुटतो.

अर्थात या नकलेलाही मर्यादा आहेत आणि तिच्या पुरस्कर्त्यांनी त्या लपविलेल्या नाहीत. ढगातील थेंब केवढे, बर्फाच्या कणांचा आकार कसा, थर एकमेकांवर कसे रचलेले, याविषयी नकलेला काही गृहीत धरावेच लागते. गृहीत चुकले तर निर्दोष प्रतिमान दोषी ठरेल आणि दोषी सुटेल. प्रश्नपत्रिका काढणारा आणि उत्तरे लिहिणारा दोघेही एकाच गाइडवर विसंबले, तर गुण भरघोस पडतात. ज्ञानाविषयी त्यातून काही सिद्ध होत नाही. म्हणून नकलेने दिलेले जुळते उत्तर हे प्रतिमानाचे प्रशस्तिपत्र समजणे घातक आहे. न जुळणारे उत्तर मात्र जवळजवळ नेहमीच काही तरी शिकवून जाते, आणि तिचा खरा उपयोग तोच आहे.

हवेतील सूक्ष्मकणांच्या बाबतीत हे सारे अधिकच गुंतागुंतीचे होते. धूळ, धूर, समुद्रावरचे मीठ आणि कारखान्यांतील गंधकयुक्त वायूंपासून बनणारे कण यांवरच ढगाचे थेंब धरतात. कण वाढले की तेवढेच पाणी अधिक, पण लहान थेंबांत वाटले जाते आणि ढग अधिक पांढराशुभ्र होतो, असे शॉन ट्वोमी यांनी १९७० च्या दशकात दाखविले. माणसाने हवेत सोडलेल्या कणांनी पृथ्वीला २०१९ पर्यंत दर चौरस मीटरमागे किती थंड ठेवले, याचे २०२१ च्या अहवालातील उत्तर १.१ वॅट असे आहे. पण त्या उत्तराची व्याप्ती ०.४ पासून १.७ पर्यंत जाते. म्हणजे प्रदूषणाच्या या पडद्याने तापमानवाढ किती झाकून ठेवली होती, हेच नीट ठाऊक नाही. आणि पडदा तर ओढला जातो आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. माणसाच्या फुप्फुसांच्या दृष्टीने हे इष्टच झाले. ढगांच्या दृष्टीने काय झाले, याचा वाद शास्त्रज्ञांत रंगला आहे.

येथेही उपग्रहाची नजर सदोष आहे. प्रकाशावरून कण मोजणारे उपकरण निरभ्र आकाशातच त्यांचा अंदाज करू शकते; ढग आला की नोंद कोरी. प्रतिमान मात्र ढगाळ दिवसांचाही हिशेब ठेवते. जुलै महिन्यात सह्याद्रीवरील कणांची मासिक सरासरी काढावयाची झाली, तर उपग्रहाची सरासरी मोजक्या उघडिपीच्या तासांची आणि प्रतिमानाची सरासरी संपूर्ण महिन्याची! शिवाय पावसाने हवा धुऊन निघते ती ढगाळ दिवशीच, आणि तो दिवस उपग्रहाच्या वहीत नाही. अशा दोन आकड्यांची तुलना करून एखाद्या देशाच्या प्रदूषणाविषयी निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे सांगावयास नको. प्रतिमानातून उपग्रहाच्या वेळी, त्याच्याच मार्गावरील आणि त्याला दिसू शकतील अशीच स्थळे निवडून घेणे, एवढी किमान शिस्त तरी पाळली गेली पाहिजे.

भारताच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. हिंदी महासागरावर पसरणाऱ्या धुरकट थराचा शोध घेणारी मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम १९९९ मध्ये याच भागात झाली. पुण्याची उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था १९६२ पासून काम करीत आहे. तिने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभारली. सोलापूरच्या आकाशात २०१८ आणि २०१९ मध्ये विमानांतून ढगांची मोजणी केली. तिच्या पृथ्वी-प्रतिमानाने जागतिक तुलनेत भारताच्या वतीने प्रथमच भाग घेतला, आणि ६ किलोमीटरच्या चौकटींचे तिचे भाकीत-प्रतिमान मे २०२५ मध्ये देशाच्या सेवेत रुजू झाले. चौकट लहान झाली की ढगांविषयीचे प्रश्न सुटतात, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ६ किलोमीटरच्या चौकटीतही ढगाचे तुकडे मावतात, थेंबांचे आकार गृहीतच धरावे लागतात आणि प्रतिमान अधिक तपशील देऊ लागले, की त्याची परीक्षाही अधिक तपशिलाने घ्यावी लागते.

उपग्रहांच्या बाबतीतही देश रिकाम्या हाताने बसलेला नाही. १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा भारत आणि फ्रान्स यांचा उपग्रह खास उष्ण कटिबंधातील पाऊस-पाण्यासाठीच होता. त्यावरील पाऊस मोजणारे ‘मद्रास’ हे उपकरण जानेवारी २०१३ मध्ये बंद पडले; पण हवेतील बाष्प मोजणाऱ्या ‘सफीर’ने पुढे अनेक वर्षे जगातील भाकीत केंद्रांना माहिती पुरविली. तिचा उपयोग होऊ शकला, तोही याच विद्येमुळे. भाकीत केंद्रांनी १९९० च्या दशकापासूनच उपग्रहाच्या मोजमापावरून तापमान आणि बाष्प काढण्याची जुनी रीत बाजूस सारून, प्रतिमानावरून उपग्रहाचे मोजमाप काढण्याची ही उलटी रीत स्वीकारली आहे. ७ मार्च २०२३ रोजी हा उपग्रह ठरवून पॅसिफिक महासागरावर उतरविण्यात आला. ‘इन्सॅट-३डीएस’ फेब्रुवारी २०२४ मध्ये कक्षेत गेला. असे असता, ज्याचे उपकरण त्यानेच त्याची नक्कलही करावी आणि ती उड्डाणापूर्वीच खुली करावी, अशी अपेक्षा भारतीय उपग्रहांकडूनही बाळगणे गैर नाही. उपकरणे अवकाश खात्याकडे आणि भाकिते पृथ्वीविज्ञान मंत्रालयाकडे, ही वाटणी कारभारापुरती ठीक आहे. पावसाला ती ठाऊक नाही. दोहोंच्या मध्ये बसून दोन्ही लिप्या वाचणारी तरुण मंडळी विद्यापीठांतूनच यावी लागतील. या कामाला महासंगणकच लागतो असेही नाही. प्रतिमानाचे तयार उत्तर हाती असेल, तर नकलेचा संच महाविद्यालयातील साध्या संगणकावरही चालतो. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात त्याचा एखादा प्रकल्प ठेवण्यास कोणत्याही नव्या इमारतीची किंवा अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

युरोपने अर्थकेअरची निवड २००४ मध्ये केली आणि तो उडाला २०२४ मध्ये. वीस वर्षांचा हा विलंब कौतुकास्पद म्हणता येणार नाही. पण तो काळ वाया गेला नाही. कॅनडाच्या हवामान प्रतिमानातून हॅलिफॅक्स, बाहा आणि हवाई अशा नावांचे हजारो किलोमीटर लांबीचे तीन कृत्रिम पट्टे तयार करण्यात आले. त्यांतील चौकटी अवघ्या २५० मीटरच्या. त्यांवरून संगणकातील उपग्रह नेऊन खऱ्या उपग्रहाची सारी आकडेमोड आधीच तपासून पाहण्यात आली. या कृत्रिम जगात ढगात किती पाणी आहे, याचे खरे उत्तर आधीच ठाऊक असते, आणि म्हणून चूक पकडता येते. खऱ्या आकाशात ती सोय नाही.

आता अर्थकेअरपुढे निराळेच काम आहे. ढग वर्षानुवर्षे बदलत आहेत काय, हे कळण्यासाठी कॅलिप्सोची सतरा वर्षांची नोंद पुढे चालू राहिली पाहिजे. परंतु कॅलिप्सो ऑगस्ट २०२३ मध्ये थांबला आणि अर्थकेअर त्यानंतर नऊ महिन्यांहून अधिक काळाने उडाला. दोघांची कक्षेत गाठ पडलीच नाही. कॅलिप्सोचा लेसर हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा. अर्थकेअरचा अतिनील, ३५५ नॅनोमीटरचा. जुना दुपारी दीडच्या सुमारास जाई, नवा दोनच्या सुमारास जातो, आणि अर्ध्या तासात दुपारचे ढग जागा आणि रूप बदलतात. चीनने एप्रिल २०२२ मध्ये सोडलेल्या ‘दाची-१’ या उपग्रहावरील लेसरचा मधल्या काळासाठी काहीसा आधार मिळू शकतो. एरवी नव्या नोंदीत ढग एक टक्क्याने घटलेले दिसले, तर घटले ते ढग की बदलला तो लेसर, हे ठरविण्यासाठी एकाच प्रतिमानावर दोन्ही लेसर संगणकात चालवून पाहावे लागतील आणि त्यांच्या उत्तरांतील फरक आधी वजा करावा लागेल.